खेड्यांतील शाळा, पुस्तकपेटी व संगणक : एक अवलोकन

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत शिक्षणनिधीच्या शिलकेतून, जेथे आपल्या ज्ञातीची जुनी घरे आहेत त्या खेड्यांतील शाळांस संगणक भेट द्यावेत, अशी सूचना तरुण सभासदांकडून आली. सूचना टाळ्यांच्या गजरात मान्य होण्याच्या बेतात असता आम्ही उभे राहून, “यंत्र दिल्यावर खोली उघडणार कोण?” एवढाच प्रश्न केला. त्यावरून आमचा संगणकास विरोध आहे असा काहींचा समज झाला. मागील बाकावरून ‘गुरुजींचे वय झाले’ असेही शब्द कानी आले. वय झाले हे खरेच. तथापि ज्या मनुष्याने एकोणचाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्याला खेड्यात बाहेरून आलेल्या वस्तूंचे पुढे काय होते याची थोडीबहुत माहिती असणारच. अध्यक्षमहाशयांनी तीच हकिकत स्मरणिकेसाठी लिहून द्यावी अशी आज्ञा केली. आम्ही जुन्या अकरावीपर्यंतच शिकलेले. विद्वत्तेचा आव आणणार नाही. जे वाचले व जे डोळ्यांनी पाहिले तेवढे ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवतो.

शहरातून खेड्यात विद्येची पेटी पाठविण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ साली ती सक्ती साऱ्या राज्यास लागू केली. पण महाराजांची दृष्टी एवढ्यावर थांबली नाही. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा वाचायला काही न मिळाल्यास चार वर्षांत शिकलेले विसरतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. त्यातच फिरत्या पुस्तकपेट्यांची योजना होती. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती गावी रवाना करावयाची, गावाने वाचून झाल्यावर परत करावयाची, की दुसरी पेटी हजर! वाहतुकीचा खर्च सरकारचा. या योजनेतील मर्म असे की, पेटी ‘दिली’ जात नसे. ती जात-येत असे. तिची वाट पाहणारा गावात कोणी ना कोणी असे आणि ती वेळेवर परत आली नाही तर विचारणा करणारा बडोद्यात कोणी असे. पुढील सर्व योजना आम्ही याच मापाने मोजणार आहोत, म्हणून ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी.

आमच्या सातारा जिल्ह्याकडे वळावयाचे, तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि पुढे जेथे रस्ताही नव्हता अशा वाड्यावस्त्यांवर शेकडो शाळा उघडल्या. त्यांच्या कार्याविषयी आपल्या स्मरणिकेत पूर्वी लिहून आले असल्याने येथे विस्तार करीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यानंतरच्या ग्रामशिक्षण मोहिमेविषयी. कारण तिचा संबंध प्रत्यक्ष आमच्या घराशी आहे.

ही मोहीम १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झाली व नंतर राज्यातील इतर जिल्ह्यांत पसरली. शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी रात्री प्रौढांचे वर्ग घ्यावेत, चार महिन्यांच्या आत त्यांस अक्षरओळख, अंकओळख व साधे वाचन यावे, आणि सारे गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ व्हावा, असा क्रम होता. ग्रामदैवतापुढे शपथा घेतल्या जात. आमचे गाव माणदेशात. तेथील वर्ग मारुतीच्या देवळात कंदिलाच्या उजेडात भरे आणि आमची आजी त्यात पाटी घेऊन जात असे. आम्ही तेव्हा तीन-चार वर्षांचे होतो. हे सारे घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले. परंतु समारंभाच्या दिवशी आजीने पाहुण्यांसमोर फळ्यावर स्वतःचे नाव लिहिले व आमच्या घरी गूळ वाटला, ही कथा आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की ती पाहिल्यासारखीच वाटते.

पुढची गोष्ट मात्र आम्ही स्वतः पाहिली. आमचे वडील मुंबईस गिरणीत होते. १९६९ साली, आम्ही सहावी-सातवीत असता, त्यांची मनिऑर्डर आली. पोस्टमनने कागद पुढे केला. आजीने लेखणी हाती घेतली, क्षणभर कागदाकडे पाहिले आणि लेखणी खाली ठेवून अंगठा पुढे केला. “आजी, तुला सही येते ना?” असे आम्ही बालबुद्धीने विचारले. ती म्हणाली, “येत होती रं बाळा.” समारंभ होऊन आठ वर्षेही झाली नव्हती. या आठ वर्षांत आमच्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद आला नव्हता. देवळातील वर्ग बंद पडला होता, वाचनालयाची पेटी कधी आलीच नाही. दोष आजीच्या बुद्धीचा नव्हता. शिकविणाऱ्या तरुणांचाही नव्हता, त्यांनी रात्री जागविल्या होत्या. गौरव झाला त्या दिवशीच सर्वांनी काम पुरे झाले असे मानले, हे खरे कारण. मोहिमेत साक्षर झालेले पुष्कळ लोक पुन्हा निरक्षर झाले, हे पुढे जाणत्यांनीही मान्य केले. आम्ही शिक्षकी पेशा पत्करला त्याची जी काही कारणे असतील, त्यांत तो शाईचा अंगठा आहे.

आता यंत्रांकडे येऊ. भारतातील शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ साली झाला. ‘क्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या योजनेत आरंभी सुमारे अडीचशे शाळांस विलायतेतील एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक देण्यात आले. दशक संपेतो शाळांची संख्या अडीच हजारांच्या घरात गेली. या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे या स्मरणिकेची दहा-बारा पाने मावतील एवढी. पडद्यावरील भाषा इंग्रजी. योजना माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी असल्यामुळे चौथीपर्यंतच्या खेड्यातील शाळेने त्याचे नावही ऐकले नाही. आम्ही तर ते यंत्र केवळ छायाचित्रात पाहिले आहे.

आमच्या वाट्यास आली ती त्यानंतरची, १९८७ सालची खडू-फळा योजना. केंद्र सरकारने प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व शैक्षणिक साहित्याची पेटी द्यावी असे ठरविले. हेतू उदात्त होता यात शंका नाही. आमच्या शाळेतही लोखंडी पेटी आली. तीत पृथ्वीचा गोल, नकाशे, भिंगे, लोहचुंबक, तराजू, गोष्टींची पुस्तके असा ऐवज होता. मुले पेटीभोवती गोळा झाली. मुख्याध्यापकांनी एकेक वस्तू मोजून डेड स्टॉक रजिस्टरात नोंदविली, पेटीस कुलूप घातले आणि किल्ली जानव्यास बांधली.

वाचकांपैकी ज्यांनी सरकारी शाळेत नोकरी केली नाही त्यांस हे डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. शाळेतील प्रत्येक टिकाऊ वस्तू, मग ती खुर्ची असो वा भिंग असो, या वहीत चढते. मुख्याध्यापकाची बदली झाली की त्याने नव्या माणसास चार्ज देताना वहीतील प्रत्येक वस्तू दाखवावी लागते. जी सापडली नाही तिची किंमत त्याच्याकडून वसूल होऊ शकते. पुस्तक वाचून फाटले, लोहचुंबक मुलाच्या हातून पडून तुटला, तर तो अपराध शिक्षकाचा. पण पेटी दहा वर्षे उघडलीच नाही, तर त्याबद्दल कोणी एक अक्षर विचारीत नाही. मग शहाणा मनुष्य काय करील? कुलूपच लावील.

आणि येथे आम्हांस स्वतःविषयी सांगितले पाहिजे, नाही तर हे लिखाण अप्रामाणिक होईल. शेजारच्या एका गावच्या आमच्या स्नेही गुरुजींच्या पगारातून तीन भिंगांची किंमत कापली गेली. रक्कम क्षुल्लक होती. अपमान मोठा होता. पुढे आमच्याकडे मुख्याध्यापकाचा चार्ज आला तेव्हा आम्हीही दोन वर्षे ती पेटी उघडली नाही. ज्याने आजीचा अंगठा पाहिला होता त्याने गोष्टींची पुस्तके कुलपात ठेवली! तिसऱ्या वर्षी दुसरीतील एका मुलीने, “गुरुजी, पेटीत देव आहे का?” असे विचारले. आम्ही तिला रागावलो. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर निम्मी पुस्तके कसरीने खाल्लेली आढळली. उरलेली आम्ही सुतळीला अडकवून भिंतीवर टांगली. त्यांतील बहुतेक वर्षभरात फाटली. बदलीच्या वेळी त्यांची किंमत आम्ही स्वखुशीने भरली. त्या पैशांचे आम्हांस कधीच वाईट वाटले नाही.

संगणक खेड्यात आला तेव्हा त्याच्याही वाट्याला हेच रजिस्टर आले. त्याआधी शिक्षकांस संगणक यावा म्हणून २००१ साली सुरू झालेली एमएस-सीआयटी परीक्षा शासनाने सर्वांस आवश्यक केली, आणि मुदतीत उत्तीर्ण न झाल्यास वेतनवाढ थांबेल असा नियम केला. आम्ही चाळिशी उलटल्यावर तालुक्याच्या गावी एका किराणा दुकानाच्या माडीवर ती विद्या शिकलो. माऊस धरताना हात असा थरथरे की शेजारचा कॉलेजातील मुलगा हसू आवरीत असे. परीक्षा उत्तीर्ण झालो, प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागले. पण आमच्या शाळेत त्या वेळी संगणक नव्हता. तो आला पुष्कळ मागाहून, आणि तोपर्यंत आमचे ज्ञान आजीच्या सहीच्या वाटेने गेले होते! यंत्र आल्यावर वीज नसे. त्या काळी ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. शिवाय शाळेस वीज व्यापारी दराने लागे आणि बिलासाठी वेगळी तरतूद नसे. थकबाकी वाढली की जोडणीच तोडली जाई. एका पावसाळ्यात उंदरांनी तारा कुरतडल्या. दुरुस्तीस माणूस यावयाचा तो जिल्ह्याहून. यंत्र वहीत शाबूत होते, एवढेच.

याच सुमारास बाहेरच्या जगात दोन थोर प्रयोगांची चर्चा होती व त्या दोहोंचा संबंध महाराष्ट्राशी आला. पहिला डॉ. सुगत मित्रा यांचा. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात त्यांनी कचेरीच्या भिंतीस भोक पाडून त्यात संगणक बसविला. झोपडपट्टीतील मुले कोणी न शिकविता तो चालवू लागली. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खेड्यांतही असे संगणक बसविण्यात आले. मुले आपसांत एकमेकांस शिकवितात हे त्यांचे निरीक्षण अगदी यथार्थ आहे. चौथीचा मुलगा पहिलीच्या मुलास किती लवकर शिकवितो हे एकशिक्षकी शाळेच्या गुरुजीस सांगावे लागत नाही. परंतु २०१० साली पायल अरोरा या अभ्यासिकेने हिमालयातील अल्मोडा भागाविषयी लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला. तेथील अशा संगणकांच्या जागा ओसाड पडलेल्या त्यांना दिसल्या. शिक्षक नको, अशी ज्या योजनेची बढाई होती, ती शिक्षक नसल्यामुळेच निराधार झाली.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी यांचा. गरीब देशांतील प्रत्येक बालकास शंभर डॉलरांचा संगणक द्यावा, अशी घोषणा त्यांनी २००५ साली केली. २००६ साली आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने ही योजना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद ठरवून नाकारली. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात या छोट्या वस्तीवरील एकशिक्षकी शाळेत अशी बावीसएक हिरवी-पांढरी यंत्रे आली व पहिली ते चौथीच्या मुलांस मिळाली. पण तो वेल तेथून मांडवावर चढला नाही. ज्या देशाने हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला तो दक्षिण अमेरिकेतील पेरू. तेथे आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली गेली. ३१९ खेडवळ शाळांची तपासणी होऊन २०१२ साली निष्कर्ष निघाला की, गणित व भाषा यांत मुलांची प्रगती यंत्राविना असलेल्या मुलांहून अधिक झालेली नाही. हे वाचून आम्हांस आनंद झाला नाही. आमचा तर्क बरोबर ठरला, पण मुले पेरूची असली तरी मुलेच ना!

मग हे सारे व्यर्थच म्हणावयाचे काय? तसे मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ हे पर्जन्यछायेतील गाव आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती ही कामे करता करता विज्ञान शिकावे, अशी तेथील रीत. यंत्र मोडले तर उघडून पाहावे, हाच तेथील धडा. डेड स्टॉकच्या नेमके उलट! २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या साहाय्याने तेथे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा उभी राहिली, आणि जगात त्या संस्थेच्या बाहेर उघडलेल्या पहिल्या अशा कार्यशाळांपैकी ती एक होय. ज्या गावास पाऊसही पुरेसा मिळत नाही, त्या गावास हा मान मिळाला.

आम्ही निवृत्त झालो त्या २०१५ साली, जूनमध्ये, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासननिर्णय निघाला. त्याच्या मागेपुढे जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट उठली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याच्या पष्टेपाडा या आदिवासी वस्तीवरील शाळेचे नाव तेव्हा सर्वतोमुखी झाले. या लाटेत एक गोष्ट नवी होती. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढली. कोणी शेळी विकून पाचशे रुपये दिले, कोणी मुंबईच्या पगारातून दिले. ज्या वस्तूस गावाने पैसा घातला तिचे कुलूप गावच काढावयास लावतो, हे आम्ही आमच्या शेवटच्या वर्षी अनुभवले. टीव्हीचा संच दोन दिवस बंद राहिला तर पालक शाळेच्या दारात येऊन विचारीत. पूर्वी जे डेड स्टॉकने कधी विचारले नाही, ते एका धनगर आजोबांनी विचारले.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे श्री. रणजितसिंह डिसले गुरुजी यांची कीर्ती तर सर्व ज्ञातिबांधवांस ठाऊकच आहे. ते २००९ साली रुजू झाले तेव्हा शाळेच्या इमारतीचा उपयोग गुरांच्या गोठ्यासारखा होत होता. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर चिन्हे घालून कविता व पाठ मोबाइलवर ऐकण्या-पाहण्याची सोय केली, आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ही चिन्हे आली. २०२० साली दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांस मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. वृत्तपत्रांनी पुरस्काराची रक्कम मोठ्या अक्षरांत छापली. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की, त्यांनी नवी पेटी आणली नाही. मुलाच्या दप्तरात जे पुस्तक आधीच होते त्यालाच दार पाडले.

परंतु दार पाडले तरी आत जाणाऱ्यास वाचता यावयास हवे. १९९५ साली मुंबईत स्थापन झालेली ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून देशभरच्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांस चार ओळी वाचावयास देते व त्याचा ‘असर’ नावाचा अहवाल काढते. २०१८ साली पाचवीतील मुलांपैकी ५०.५ टक्के मुलांस दुसरीचा उतारा वाचता आला. मधल्या काळात महामारीमुळे शाळा मिटल्या. घरात एकच मोबाइल, आणि तोही बापाबरोबर रानात गेलेला. २०२२ साली हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर उतरले. म्हणजे पाचवीच्या शंभर मुलांपैकी सत्तावन्न मुलांपुढे संगणक ठेवला, तर ती चित्रे पाहतील, गाणी ऐकतील, आणि पडद्यावरील अक्षरांकडे आमच्या आजीने मनिऑर्डरच्या कागदाकडे पाहिले तसे पाहतील. याच संस्थेचा उपाय अगदी साधा आहे. दिवसातून तास-दोन तास इयत्ता विसरावी, ज्यास अक्षरे येत नाहीत ती मुले एकत्र, ज्यास शब्द येतात ती एकत्र, असे गट करावेत आणि जेथे मूल आहे तेथून त्यास पुढे न्यावे. त्यास वीज लागत नाही; तो तास रोज घेणारे माणूस मात्र लागते.

सभेनंतर कार्यकारी मंडळाच्या सांगण्यावरून आम्ही, चिटणीस व दोन तरुण सभासद असे चौघे, आपल्या चार गावांच्या शाळा पाहून आलो. त्याचा वृत्तांत देऊन हे लिखाण पुरे करतो. पहिल्या शाळेतील बाईंनी संगणक नको म्हणून सांगितले. इन्व्हर्टरची बॅटरी गेली आहे ती व पुढील तीन वर्षांचे वीजबिल द्या, बाकी सारे आहे, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या शाळेने गोष्टींची साठ पुस्तके मागितली व ती ‘डेड स्टॉकला न चढविता’ द्यावीत अशी विनंती केली. आम्ही त्या गुरुजींचा हात हाती घेतला. तिसऱ्या गावी निवृत्त झालेल्या आपल्याच एका भगिनी रोज सायंकाळी दोन तास वाचनवर्ग घेण्यास तयार आहेत. त्यांस दरमहा जाण्यायेण्याचा खर्च व एक टॅबलेट संच द्यावा, अशी आमची चौघांची एकमुखी शिफारस आहे. सूचना मांडणाऱ्या तरुणांपैकी एकाने दर महिन्यास स्वतः गावी जाऊन संच पाहण्याचे पत्करले आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

चौथ्या शाळेत पाच संगणक आहेत. खोलीस कुलूप होते. किल्ली बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे राहिली असल्याचे समजले. चिटणिसांनी त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे केले असून, दिवाळीच्या सुट्टीत येताना ती घेऊन येतो असे त्यांनी कळविले आहे.